दुसऱ्या क्रमांकाचा इतिहास

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील आर्ब्रोथ फुटबॉल क्लबविषयी जगात कुणाला काही ठाऊक असलेच, तर ते एका आकड्यापुरते असते: ३६–०. १२ सप्टेंबर १८८५ रोजी स्कॉटिश चषकाच्या पहिल्या फेरीत आर्ब्रोथने ॲबर्डीनहून आलेल्या बॉन ॲकॉर्ड या संघावर छत्तीस गोल केले आणि ब्रिटनमधील वरिष्ठ फुटबॉलमधला तो सर्वांत मोठा विजय आजही अबाधित आहे. सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत हा आकडा हमखास भेटतो आणि बहुतेकांसाठी क्लबची ओळख तिथेच संपते. १८७८ मध्ये स्थापन झालेल्या आणि आजही दर शनिवारी मैदानात उतरणाऱ्या एका संस्थेचे जवळजवळ दीड शतक त्या एका दुपारच्या आड झाकले जावे, याची मला मनापासून खंत वाटते. या क्लबचा इतिहास मी जसजसा वाचत गेले, तसतसे माझे मत पक्के होत गेले की तो विक्रमाचा इतिहास नाही, तो दुसऱ्या क्रमांकाचा इतिहास आहे.

त्या विक्रमाचे थोडक्यात काय ते आधी सांगून टाकते. नव्वद मिनिटांत छत्तीस गोल म्हणजे सरासरी दर अडीच मिनिटांना एक गोल. गोलच्या खांबांना तेव्हा जाळ्या नसत. त्या काही वर्षांनी आल्या. त्यामुळे प्रत्येक गोलनंतर लांब गेलेला चेंडू कुणीतरी धावत जाऊन आणायचा आणि मगच खेळ पुन्हा सुरू व्हायचा. मध्यंतराला गुणफलक १५–० होता, म्हणजे उत्तरार्धात आणखी एकवीस गोल झाले. जॉकी पेट्री या तरुणाने एकट्याने तेरा केले. आर्ब्रोथचा गोलरक्षक जिम मिल्न याला सबंध सामन्यात चेंडूला हात लावायची वेळच आली नाही आणि पावसात तो एका प्रेक्षकाच्या छत्रीखाली उभा राहिला, असे सांगतात. पंच डेव्ह स्टॉरमंट यांनी आणखी काही गोल नाकारले होते. त्याच दिवशी सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटरवरच्या डंडीत, डंडी हार्प या संघाने ॲबर्डीन रोव्हर्सचा ३५–० असा पराभव केला. एकाच दुपारी, एकाच स्पर्धेत, शेजारच्या दोन गावांत असे दोन निकाल लागतात, तेव्हा त्यातून विजेत्यांच्या थोरवीपेक्षा त्या काळातील स्पर्धेची घडण अधिक कळते: नाव नोंदवील त्या संघाला प्रवेश होता आणि कालपरवा एकत्र आलेली मुले मुरलेल्या संघासमोर उभी राहत होती. त्या सायंकाळी ॲबर्डीनला परतलेल्या अकरा जणांचा विचार माझ्या मनात पेट्रीच्या तेरा गोलांपेक्षा जास्त काळ रेंगाळतो.

त्याच्या आधीच्या हंगामात घडलेली गोष्ट मला आर्ब्रोथच्या पुढच्या सगळ्या नशिबाची नांदी वाटते. १८८४–८५ च्या स्कॉटिश चषकात ग्लासगोचा रेंजर्स हा बडा संघ आर्ब्रोथला आला आणि ४–३ असा हरला. आपण कुणाच्या तरी परसात हरलो आहोत, अशा आशयाची तार पाहुण्यांनी घरी धाडली. मग त्यांनी मैदान मोजले. नियमाप्रमाणे रुंदी किमान ५० यार्ड हवी होती. आर्ब्रोथच्या गेफील्ड या मैदानाची भरली ४९ यार्ड, २ फूट आणि १ इंच. अकरा इंच कमी. तक्रार मान्य झाली, सामना पुन्हा खेळवण्याचा आदेश निघाला आणि दुसऱ्या खेपेला रेंजर्सने तो ८–१ असा जिंकला. नियमावर बोट ठेवायला जागा नाही, हे मला मान्य आहे. पण ज्या गावाने आपल्या हाताने समुद्रकाठी एक मैदान घडवले आणि त्यावर देशातल्या मातब्बर संघाला हरवले, त्या गावाचा विजय अकरा इंचांनी काढून घेतला गेला. अशी अगदी थोडक्यात हुकण्याची वेळ या क्लबवर पुढे वारंवार येणार होती.

गेफील्ड आजही त्याच जागी आहे, फक्त १९२५ मध्ये मैदान थोडे सरकवून नव्याने आखण्यात आले. मी डंडीत राहते आणि आगगाडीने वीसेक मिनिटांत आर्ब्रोथला पोहोचता येते. स्थानकावरून समुद्राच्या दिशेने चालत निघाले की बंदराकडून येणारा धुरावलेल्या हॅडॉक माशाचा वास आधी लागतो आणि मग विजेच्या दिव्यांचे चार उंच खांब दिसतात. युरोपात समुद्राला इतके लगटून असलेले दुसरे मैदान नाही, असे इथले लोक अभिमानाने सांगतात. ते पाहिल्यावर या दाव्यावर शंका घ्यावीशी वाटत नाही. एका बाजूच्या भिंतीपलीकडे रस्ताभर जागा आणि त्यापलीकडे थेट उत्तर समुद्र. उधाणाच्या दिवशी लाटेचे तुषार भिंत ओलांडून प्रेक्षकांवर येतात आणि चष्म्याच्या काचांवर मिठाचे पांढरे ठिपके वाळून राहतात.

पण इथे खरा खेळाडू आहे तो वारा. मी पाहिलेल्या एका सामन्यात पाहुण्या गोलरक्षकाने गोल किक उंच मारली. चेंडू मध्यरेषेच्या दिशेने निघाला, हवेत थांबला, आणि मग मागे वळून त्याच्याच पेनल्टी क्षेत्राच्या कडेला येऊन पडला. त्याने पुढची किक जमिनीलगत मारली. आर्ब्रोथचा गोलरक्षक मात्र पूर्वार्धभर चेंडू कधी उंच उचलतच नव्हता. शेजारी उभ्या असलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी मला समजावून सांगितले की इथे नाणेफेकीला महत्त्व आहे ते वाऱ्यामुळे, आणि पूर्वार्ध वाऱ्याविरुद्ध खेळून तो गोलशून्य राखता आला तर निम्मा सामना हाती आला म्हणून समजावे. मध्यंतर होताच ते आणि त्यांच्याबरोबरचे वीस-पंचवीस जण शांतपणे चालत मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेले, कारण आता आपला संघ त्या बाजूच्या गोलवर हल्ला करणार होता. मीही त्यांच्यामागून गेले. मोठ्या क्लबांच्या आसनक्रमांक छापलेल्या स्टेडियममध्ये ही मुभा नसते.

आता मूळ मुद्द्याकडे येते. आर्ब्रोथला स्कॉटिश लीगमध्ये प्रवेश मिळाला तो १९२१ मध्ये, दुसऱ्या श्रेणीत. तिथून वर जायला चौदा वर्षे लागली. १९३४–३५ मध्ये थर्ड लॅनार्क पहिला आला आणि आर्ब्रोथ दुसरा. तेव्हाच्या नियमाप्रमाणे पहिल्या दोघांना बढती मिळत असे, त्यामुळे किनाऱ्यावरचे हे मासेमारीचे आणि शिडाच्या कापडाचे गाव सेल्टिक आणि रेंजर्स यांच्या पंक्तीत जाऊन बसले. पहिल्याच हंगामात संघ अकराव्या क्रमांकावर राहिला. चार हंगाम त्याने वरच्या श्रेणीतली जागा टिकवली, १९३९ मध्येही तो तळाच्या दोघांत नव्हता. मग महायुद्ध आले, लीग बंद पडली, आणि १९४६ मध्ये ती नव्याने उभी राहिली तेव्हा आर्ब्रोथला खालच्या ‘बी’ श्रेणीत बसवण्यात आले. मैदानावर न गमावलेली जागा कागदावर गेली. त्या रागाचे उत्तर म्हणावे की काय, पण १९४७ मध्ये ‘बी’ श्रेणीतल्या याच संघाने स्कॉटिश चषकाच्या उपांत्य फेरीपर्यंत धडक मारली आणि तिथे तो ॲबर्डीनकडून हरला. क्लब त्या फेरीत पोहोचला तो तेवढाच.

पुढे १९५८–५९. डेव्ह ईसन याने त्या एका हंगामात लीगमध्ये ४५ गोल केले. क्लबचा हा विक्रम कुणी मोडलेला नाही. पहिला आला एअर युनायटेड, आर्ब्रोथ पुन्हा दुसरा. वर गेला आणि वर्षभरात खाली आला. मग १९६२ मध्ये ॲल्बर्ट हेंडरसन व्यवस्थापक झाले आणि तब्बल १९८० पर्यंत राहिले. आज जिथे व्यवस्थापकाला अठरा महिने मिळण्याची शाश्वती नसते, तिथे एका माणसावर अठरा वर्षे विश्वास ठेवणारे गाव मला विलक्षण वाटते. त्यांच्या काळात १९६८ मध्ये सेंट मिरन पहिला आणि आर्ब्रोथ दुसरा. १९७२ मध्ये डम्बार्टन पहिला आणि आर्ब्रोथ दुसरा. दोन्ही वेळा बढती. दुसऱ्या खेपेला संघ तीन हंगाम वर टिकला आणि १९७४ मध्ये त्याने रेंजर्सच्या आयब्रॉक्स मैदानावर जाऊन त्यांना ३–२ असे हरवले. तिथल्या मैदानाची रुंदी कुणी मोजायला घेतली नाही. १९७५ मध्ये आर्ब्रोथ खाली उतरला. त्याच वर्षी लीगची फेररचना होऊन सर्वांत वरची श्रेणी दहा संघांपुरती आक्रसली, आणि छोट्या गावांसाठी तिथला रस्ता पूर्वीपेक्षा कितीतरी अरुंद झाला.

म्हणजे दुसऱ्या श्रेणीत चार वेळा दुसरा क्रमांक आणि त्या बळावर सर्वोच्च श्रेणीत एकूण नऊ हंगाम. पहिला क्रमांक एकदाही नाही. त्यानंतरची साडेतीन दशके मी भराभर ओलांडते. खालच्या श्रेण्यांतले ते वर-खाली होणे तिथल्या निष्ठावंत प्रेक्षकांनी जगले आहे आणि त्यावर बाहेरच्या माणसाने फार बोलू नये. एवढेच नोंदवते की क्लबला राष्ट्रीय पातळीवरचे पहिले विजेतेपद मिळाले ते २०११ मध्ये, पॉल शीरिन यांच्या कारकिर्दीत, चौथ्या पायरीवरच्या थर्ड डिव्हिजनचे. स्थापनेपासून १३३ वर्षांनी. त्या करंडकाची किंमत वरच्या श्रेणीच्या हिशेबाने लावणे मला अन्यायाचे वाटते.

आर्ब्रोथ ज्या अँगस परगण्यात आहे, तो मुळात फुटबॉलच्या दृष्टीने नवलाचा आहे. आर्ब्रोथ, मॉन्ट्रोज, फॉरफर आणि ब्रीकिन ही चार छोटी गावे, आणि चारही गावांचे क्लब कित्येक वर्षे एकाच वेळी राष्ट्रीय लीगमध्ये होते. आर्ब्रोथ हे त्यांतले सर्वांत मोठे, आणि तिथली वस्ती जेमतेम तेवीस-चोवीस हजार. ब्रीकिनच्या मैदानाला एका बाजूने कुंपण आहे ते जिवंत झाडाझुडपांचे. पण या गावांनी मोठे घास घेतले तेव्हा काय घडले, हेही पाहायला हवे. ब्रीकिन सिटी २०१७ मध्ये दुसऱ्या श्रेणीत चढला आणि पुढच्या हंगामात ३६ पैकी एकही सामना न जिंकता, चार बरोबरींच्या चार गुणांवर खाली आला. तिथून घसरण थांबलीच नाही. २०२१ मध्ये क्लब लीगमधूनच बाहेर पडला. अर्धवेळ खेळाडूंच्या संघाने पगारी, पूर्णवेळ संघांच्या श्रेणीत उतरावे की नाही, हा प्रश्न त्या परगण्यात पुस्तकी राहिलेला नव्हता.

याच पार्श्वभूमीवर डिक कॅम्पबेल यांच्या आर्ब्रोथकडे पाहावे लागते. फाइफमधले हे अनुभवी गृहस्थ डोक्यावर सपाट टोपी घालून २०१६ च्या वसंतात गेफील्डवर आले तेव्हा संघ सर्वांत खालच्या श्रेणीत होता. जुळा भाऊ इयन सहायक म्हणून सोबत. पुढच्याच हंगामात शेजारच्या फॉरफरला मागे टाकून त्यांनी लीग टूचे, म्हणजे चौथ्या श्रेणीचे, विजेतेपद घेतले, २०१९ मध्ये लीग वनचे, म्हणजे तिसऱ्या श्रेणीचे. दुसऱ्या श्रेणीत, म्हणजे चॅम्पियनशिपमध्ये गेल्यावरही त्यांनी क्लबची घडी बदलली नाही. खेळाडू दिवसा आपापली नोकरी करत आणि आठवड्यात मोजक्या संध्याकाळी सरावाला जमत. बॉबी लिन हा विंगर डंडीत कचरा गोळा करणाऱ्या गाडीवर काम करत असे. पहाटे डबे उचलायचे आणि शनिवारी दुपारी, ज्यांचे फुटबॉल हेच पोटापाण्याचे साधन आहे अशा बचावपटूंच्या कडेने चेंडू घेऊन निघायचे, यात केवढे शारीरिक कष्ट आहेत, याची कल्पना केली तरी छाती दडपते. वृत्तपत्रांनी त्याच्या कामाचे कौतुक नवलाईच्या सुरात केले. मला त्यात नवलापेक्षा काटेकोरपणा दिसतो: आपल्याजवळ किती पैसा आहे, हे ओळखून एका क्लबने आपल्या मापाचा संघ बांधला आणि त्या मापात राहून खेळ मात्र अजिबात लहान होऊ दिला नाही.

२०२१–२२ चा हंगाम सुरू झाला तेव्हा या संघाने श्रेणी टिकवली तरी पुष्कळ, असा सर्वसाधारण होरा होता. किल्मार्नॉक नुकताच प्रीमियरशिपमधून, म्हणजे सर्वोच्च श्रेणीतून, खाली आला होता आणि लगेच वर जाण्यासाठी त्याने खर्चात हात आखडला नव्हता. हिवाळ्यात मात्र गुणतक्त्याच्या माथ्यावर आर्ब्रोथ दिसू लागला आणि आठवड्यामागून आठवडे तिथेच राहिला. लिव्हिंगस्टनकडून उसना मिळालेला जोएल नूबल हा आघाडीचा खेळाडू त्या पहिल्या सत्रात विलक्षण खेळला. जानेवारीत त्याच्या मूळ क्लबने त्याला परत बोलावले. उसन्या खेळाडूंवर विसंबणाऱ्या क्लबला हे सोसावेच लागते. तरीही संघ मोडला नाही. सबंध हंगामात ३६ पैकी फक्त पाच सामने तो हरला.

त्या पाचांतला एक २२ एप्रिल २०२२ चा. किल्मार्नॉकच्या रग्बी पार्कवर, हंगाम संपायला जेमतेम आठवडा उरला असताना, पहिल्या दोन क्रमांकांचे संघ समोरासमोर आले. आर्ब्रोथने आघाडी घेतली आणि ती खूप वेळ राखली. सामना संपत आला तेव्हा किल्मार्नॉकने बरोबरी केली आणि अगदी अखेरच्या क्षणी ब्लेअर ऑल्स्टनने विजयी गोल मारला. मैदानावर लोकांचा लोंढा उतरला, कारण त्या गोलने विजेतेपदाचा निकालही लागला होता. अंतिम तक्त्यात किल्मार्नॉकचे ६७ गुण आणि आर्ब्रोथचे ६५. तिसऱ्या क्रमांकावरचा इन्व्हरनेस सहा गुणांनी मागे होता.

पुन्हा दुसरा क्रमांक. पण १९३५, १९५९, १९६८ आणि १९७२ मध्ये ज्या क्रमांकाने आर्ब्रोथला सरळ वर नेले, त्याचा अर्थ आता बदलला होता. आता थेट बढती फक्त विजेत्याला. दुसऱ्याने आधी तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकांच्या लढतीतून जिंकून आलेल्या संघाला हरवायचे आणि मग प्रीमियरशिपमधल्या तळापासून दुसऱ्या संघाशी झुंजायचे. ही पद्धत शेवटपर्यंत चुरस ठेवते, असे तिचे समर्थन केले जाते आणि प्रेक्षक म्हणून ते मला कळते. न्यायाच्या बाजूने मात्र ते पटत नाही. ३६ सामन्यांत जे सिद्ध केले, ते वरच्या श्रेणीतल्या दुबळ्या संघाला वाचण्याची आणखी एक संधी मिळावी म्हणून पणाला का लावायचे? हा नियम घडवला गेला तेव्हा वरच्या क्लबांचा शब्द वजनदार होता, आणि त्याचा भार नेहमी वर येऊ पाहणाऱ्यावरच पडतो.

त्या मे महिन्यात आर्ब्रोथची गाठ इन्व्हरनेसशी पडली. पहिला सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. गेफील्डवरच्या दुसऱ्या सामन्यात पाहुण्यांचे दोन खेळाडू लाल कार्ड मिळून बाहेर गेले, जादा वेळेत नऊ जणांसमोर अकरा जण खेळले, आणि तरीही गोल झाला नाही. नऊ जणांनी आपल्या गोलसमोर भिंत उभी केली. आर्ब्रोथचे क्रॉस येत राहिले, डोकी भिडत राहिली, चेंडू बाहेर जात राहिला. दोन सामने आणि जादा वेळ मिळून दोनशे दहा मिनिटांत एकाही संघाला जाळी हलवता आली नाही. पेनल्टींमध्ये इन्व्हरनेस ५–३ असा जिंकला. ज्या मैदानाची ख्याती छत्तीस गोलांवर उभी आहे, तिथे त्या रात्री एका गोलने इतिहास बदलला असता.

यानंतर जे व्हायचे ते झाले. पुढच्या वर्षी आठवा क्रमांक, नोव्हेंबर २०२३ मध्ये कॅम्पबेल पर्व संपले आणि त्या हंगामाअखेर संघ तळाला राहून लीग वनमध्ये उतरला. ब्रीकिनचे उदाहरण ताजे असल्यामुळे अनेकांना पुढची घसरण दिसू लागली होती, आणि मीही त्या काळजीतून सुटले नव्हते. क्लबने मात्र पुढे आपल्याच ड्रेसिंग रूमकडे पाहिले. मध्यरक्षक डेव्हिड गोल्ड आणि डावा बचावपटू कॉलिन हॅमिल्टन, दोघेही २०२२ च्या त्या संघातले, यांच्याकडे मिळून धुरा सोपवण्यात आली. २०२४–२५ मध्ये त्यांनी लीग वन जिंकली. चौदा वर्षांत क्लबचे हे चौथे विजेतेपद. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आर्ब्रोथ पुन्हा दुसऱ्या श्रेणीत खेळायला उतरला, अर्धवेळ खेळाडू घेऊनच.